कुरिअर की स्वतःचा सीएचए: सुटे भाग मागवणाऱ्यांसाठी

भोसरी-चाकण पट्ट्यात बाहेरून सुटे भाग मागवणारा जो तो कधी ना कधी हे विचारतो. माल दारापर्यंत आणून देणाऱ्या कुरिअरने मागवावा, की एअर कार्गोने मुंबईला सहारला उतरवून आपला सीएचए (कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट) लावून सोडवून घ्यावा? आयईसी (आयात-निर्यात कोड) काढलेला आहे आणि बेसिक ड्यूटी, सरचार्ज, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) एकावर एक कसे चढतात हे ठाऊक आहे, असं धरून लिहितो. मी पॅकिंग मशीनचे भाग आणतो, बहुतेक चीन आणि कोरियाहून, आणि दोन्ही वाटा वापरतो. न्हावा शेवाला एलसीएलने (जहाजाने, इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये) आणायची तिसरी वाट आहे खरी, पण गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडलेलं असताना तिचा उपयोग नाही. शिवाय सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम) आणि डीओ (माल ताब्यात द्यायचा आदेश) यांचे आकार बघितले की थोडक्या मालाला ती परवडतही नाही.

कुरिअरची बाजू आधी. वेगाला तोड नाही. केवायसी एकदा झालं की माल विमानातून उतरायच्या आत कागद दाखल झालेले असतात, ड्यूटी तेच भरतात आणि मागाहून स्वतःचा आकार लावून बिल पाठवतात. केवायसीत जीएसटी नंबर नीट गेला आहे ना, एवढं बघावं. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सकडे दाखल होणाऱ्या आयातीच्या कागदावर, तो नसेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मागताना अकाउंटंट डोक्याला हात लावतो. एखादा सेन्सर, एखादं कार्ड, सँपल, असल्या किरकोळ पार्सलला सीएचए लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सीएचएकडे खर्चाच्या ओळी जास्त: त्याची फी, डीओ, टर्मिनलचे आकार, मुंबईहून टेम्पो, आणि उशीर झाला तर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं. माझ्या अंदाजाने पंचवीस-तीस किलोच्या पुढे दोन्हींचा हिशोब जवळ येतो. तुमच्या मालाचं आकारमान आणि फॉरवर्डरशी (मालवाहतूक ठरवून देणाऱ्याशी) असलेली ओळख यावर हा आकडा बराच हलेल.

पण माझ्यापुरता निकाल लागला तो भाड्यावर नाही, चेकलिस्टवर. सीएचए बिल ऑफ एंट्री दाखल करण्याआधी तिचा मसुदा, म्हणजेच चेकलिस्ट, पाठवतो. त्यात एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड), किंमत, भाडं, नोटिफिकेशन नंबर, सगळं असतं, आणि तुम्ही ‘ओके’ म्हटल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. कुरिअरकडून मला काय दाखल झालं ते कळायचं बिल आल्यावर. आयातदार म्हणून नाव माझं, सेल्फ-असेसमेंटची (ड्यूटी स्वतःच ठरवण्याची) जबाबदारी माझी, आणि कोड ठरवणार त्यांच्या क्लिअरन्स डेस्कवरचा कोणीतरी, तोही इनव्हॉइसवरचे दोन शब्द वाचून.

एका खेपेत नायलॉनचे गिअर होते. सप्लायरने लिहिलं ‘प्लास्टिक पार्ट्स’, डेस्कने लावला ३९२६, म्हणजे प्लास्टिकच्या इतर वस्तू. खरं तर मशीनचा गिअर नायलॉनचा असला तरी तो ८४८३ मध्येच जातो. कस्टम्स टॅरिफच्या ३९व्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपांमध्येच यंत्रांच्या विभागातल्या वस्तू वगळलेल्या आहेत. सध्याच्या दराने लाखाच्या मालावर ८४८३ ला साडेसात टक्के ड्यूटी आणि तिच्यावर दहा टक्के सरचार्ज, म्हणजे ८,२५० रुपये. ३९२६ ला ड्यूटी पंधरा टक्के, म्हणजे १६,५००. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, हे पैसे मात्र खिशातून जातात. बरोब्बर दुप्पट.

फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘सर, रिफंड क्लेम करा.’ करता येतो, नाही असं नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम २७ खाली एक वर्षाची मुदत आहे. पण २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आयटीसी कंपनीच्या खटल्यातल्या निकालानंतर आधी मूळ असेसमेंट बदलून घ्यावं लागतं, जसं की कलम १४९ खाली दुरुस्ती मागून किंवा अपिलात जाऊन. त्याशिवाय रिफंडचा अर्ज उभाच राहत नाही. वर हा बोजा गिऱ्हाइकावर टाकला नाही, हे चार्टर्ड अकाउंटंटच्या दाखल्याने दाखवायचं. आठ हजारांसाठी एवढं कोण करतो? पुढच्या खेपेला कोड ईमेलने आधी कळवला, तरी तोच प्रकार. एखादा कोड सिस्टिममध्ये बसला की तो हलवायला तिथे कोणी माणूसच सापडत नाही.

भाड्याचंही तसंच. विमानाने आलेल्या मालाचं भाडं कितीही झालं तरी ड्यूटीच्या किमतीत ते एफओबीच्या (तिकडे विमानात चढवेपर्यंतच्या किमतीच्या) वीस टक्क्यांहून जास्त धरायचं नसतं. हलका, आकाराने मोठा आणि स्वस्त माल असेल तर हा नियम चांगलाच कामाला येतो. चेकलिस्ट हातात असली तर एका नजरेत कळतं. कोरियाच्या मालावर सेपाची (भारत-कोरिया व्यापार कराराची) सवलत हवी असेल, तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आणि २०२० च्या कॅरोटार (मालाचा मूळ देश दाखवण्याच्या) नियमांप्रमाणे लागणारी माहिती आधीपासून हाताशी ठेवून बिल ऑफ एंट्रीतच दावा करावा लागतो. कुरिअरच्या घाईत ते मला कधी जमलेलं नाही. कुणाला जमत असेल तर आनंदच आहे.

सीएचए म्हणजे देवमाणूस, असंही नाही. काही जण मागच्या बिलातला कोड डोळे झाकून उचलतात. फेसलेस असेसमेंट (दुसऱ्या शहरातल्या अधिकाऱ्याकडून ऑनलाइन तपासणी) आल्यापासून माल सहारला आणि क्वेरी चेन्नईच्या अधिकाऱ्याची, असं होतं. कॅटलॉग आणि ड्रॉइंग वेळेत अपलोड केलं नाही तर डेमरेज आपल्याच माथी. पण क्वेरी आली की फोन उचलणारा माणूस ओळखीचा असतो, आणि ‘हे ८४८३ का’ यावर त्याच्याशी वाद तरी घालता येतो.

मधली वाट हवी असेल तर कुरिअरने माल आणून क्लिअरन्स आपल्या सीएचएकडे द्या, असं आधी लेखी कळवता येतं. त्याचे कुरिअरवाले वेगळे पैसे लावतात आणि वेगाचा फायदा बराचसा जातो. तरीही महाग भागांसाठी मी हे करतो.

कुठल्याही वाटेने गेलात तरी सप्लायरकडून इनव्हॉइसवर ‘पार्ट्स’ एवढंच येऊ देऊ नका. ‘नायलॉन गिअर, अमुक मॉडेलच्या पॅकिंग मशीनसाठी’ असं पूर्ण वर्णन आणि निदान पहिले सहा आकडे लिहून घ्या. ते सहा आकडे जगभर सारखेच चालतात, शेवटचे दोन आपल्याकडे ठरतात. आणि फेब्रुवारीत बजेट झालं की आपल्या दोन-चार कोडांचे दर पुन्हा बघून घ्या.