डर्बीची पहिली गाडी: क्राउन व्हिक्टोरिया की कोरोला?

ओहायोत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या काउंटीची जत्रा चालू असते, आणि बऱ्याच जत्रांत एक संध्याकाळ डिमॉलिशन डर्बीसाठी राखलेली असते: रिंगणात जुन्या गाड्या मुद्दाम एकमेकींवर आदळायच्या, शेवटपर्यंत चालती राहील ती जिंकली. बाकावर बसून टकरी बघण्यात ज्यांचं समाधान होत नाही आणि पुढच्या वर्षी स्वतः हेल्मेट घालून चिखलात उतरायचं असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काचा काढायच्या, बॅटरी आत आणायची, दारं साखळीने किंवा वेल्डिंगने बंद करायची, ड्रायव्हरच्या दारावर टक्कर मारायची नाही, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. अडतं ते गाडीपाशी. मोठी घ्यावी की छोटी?

मोठी म्हणजे आजच्या घडीला फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, किंवा तिच्याच सांगाड्यावरची मर्क्युरी ग्रँड मार्क्विस. छोटी म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी चार सिलिंडरची कुठलीही: सिव्हिक, कॅव्हेलियर, निऑन, कोरोला. मी आधी शेजाऱ्याबरोबर अर्ध्या भागीत क्राउन व्हिक्टोरिया, म्हणजे आमच्या भाषेत क्राउन विक, तयार केली आणि नंतर स्वतःसाठी कोरोला, 2003 च्या मॉडेलपासून सुरू झालेल्या पिढीतली. दोन्ही माझ्याच गॅरेजमध्ये उभ्या राहिल्या. तेव्हा जे सांगतोय ते या दोन गाड्यांचं. तुमच्या काउंटीचे नियम वेगळे असू शकतात, आणि शेवटचा शब्द त्या नियमांचाच.

क्राउन विकचं कौतुक आधी करायला हवं, कारण ते तिचं हक्काचं आहे. खाली स्वतंत्र फ्रेम, तिच्यावर बसवलेली बॉडी, पुढे व्ही-8 इंजिन, मागे दणकट अ‍ॅक्सल. वजन साधारण 1,850 किलो. मागून टक्कर बसली की धक्का फ्रेम घेते, बॉडी नुसती चुरगळते. रिंगणात तिचा आवाजच वेगळा, आणि लोक येतात तेही मोठ्या गाड्यांची फेरी बघायला. शिवाय खेळ संपल्यावर ती पूर्ण वाया जात नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल शाबूत राहिला तर पुढच्या वर्षी दुसऱ्या बॉडीखाली जातो. ज्यांना हा नाद वर्षानुवर्षं करायचाय ते याच वाटेने जातात, आणि बरोबरच करतात.

तरी एक गोष्ट ध्यानात असू द्या. जड गाडी घेतली म्हणजे समोरच्यावर भारी पडलो असं होत नाही. वर्ग ठरलेले असतात, त्यामुळे जडाच्या पुढ्यात जडच येते. साठच्या दशकातली क्रायस्लर इंपीरियल इतकी भक्कम निघाली की अनेक ठिकाणी तिला बंदीच घातली गेली. तेव्हा निव्वळ वजनाच्या जोरावर जिंकायची सोय आयोजकांनी कधीच काढून घेतलीय.

आता मुद्द्याची गोष्ट. क्राउन विकची पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागे, डिकीच्या पुढ्यात उभी बसवलेली असते. डर्बीत आपण टकरी मारतो त्याच मागच्या अंगाने, म्हणजे ती टाकी तिथे ठेवून चालणारच नाही. ती काढायची आणि तिच्या जागी बोटीची किंवा रेसिंगची छोटी टाकी मागच्या सीटच्या जागेवर पक्की बांधायची. छोट्या गाड्यांची टाकी मात्र बहुधा मागच्या सीटखाली, अ‍ॅक्सलच्या पुढे असते. अशी टाकी होती तिथेच राहू द्यायला पुष्कळ काउंट्यांच्या नियमांत मुभा आहे. कागदावर हा फरक एका ओळीचा आहे. माझा निर्णय मात्र त्या एका ओळीवर झाला.

आमचं गॅरेज 20 फूट खोल आहे, इकडच्या बऱ्याच घरांत असतं तसंच. क्राउन विकची लांबी सुमारे 17 फूट 8 इंच. पुढे भिंतीशी वॉटर हीटर आणि घरात जायच्या दोन पायऱ्या. गाडी आत घेऊन दार खाली ओढलं की मागे माणूस वाकू शकत नाही. आणि टाकीचं सगळं काम मागूनच. गाडीचं मागचं अंग स्टँडवर उचला, डिकीखाली आडवे पडा, टाकीला धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्यांचे बोल्ट सोडवा. ओहायोच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. त्या मिठाने बोल्टांची डोकी अशी गंजलेली असतात की पाना बसतच नाही, डोकं गोल होऊन फिरत राहतं. मग गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर थांबा, पुन्हा प्रयत्न करा. हे सगळं शून्याखालच्या थंडीत, पाय गॅरेजबाहेर आणि दार सताड उघडं ठेवून. दार उघडं म्हणजे ग्राइंडरचा आवाज अख्ख्या गल्लीला, म्हणजे रात्री आठनंतर काम बंद. हाताची बोटं बधिर झाली की बोल्ट नीट लागलाय की आडवा घुसलाय तेही कळत नाही. पेट्रोल उपसायचं तर वॉटर हीटरच्या ज्योतीजवळ मुळीच नाही, म्हणून गाडी ढकलून बाहेर. आणि काचा काढून झालेली गाडी रात्री बाहेर ठेवता येत नाही, म्हणून काम संपलं की ढकलून पुन्हा आत.

हे रोजचं. नोकरी सांभाळून, मुलांचा अभ्यास घेऊन झाल्यावर हाताशी जो दीड-दोन तासांचा वेळ उरतो, त्यातला मोठा भाग गाडी आत-बाहेर करण्यात जायचा. कोरोला त्याच गॅरेजमध्ये आली तेव्हा तिच्या मागेपुढे मिळून पाच फूट मोकळे राहिले. दार लावून, हीटर सुरू करून, रात्री उशिरापर्यंत शांतपणे काम करता आलं. पाना हाताला लागतो तिथे असतो, दिव्याला टांगायला जागा असते, काढलेले बोल्ट डब्यातच राहतात. पहिली गाडी पूर्ण होते की अर्धवट राहते हे माझ्या मते अशाच गोष्टींवर ठरतं. तुमच्याजवळ शेतावरचं मोठं शेड असेल, किंवा तसं शेड असलेला मित्र असेल, तर हा अख्खा परिच्छेद तुम्हाला लागू नाही आणि क्राउन विकचं पारडं तेवढ्याने जड होतं, हे मोकळेपणाने मान्य करतो.

टाकी काढायची असेल तर आणखी एक. आतला पंप तिच्याबरोबर जातो. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला साधारण 40 पीएसआयचा दाब लागतो, आणि कार्ब्युरेटरसाठीचा स्वस्त इलेक्ट्रिक पंप जेमतेम पाच-सात देतो. दाबाचा रेग्युलेटरही टाकीतच असेल तर तोही बाहेरून बसवावा लागतो. फोर्डच्या डिकीत डाव्या बाजूला एक छोटा स्विच असतो. जोराचा धक्का बसला की तो पेट्रोलचा पंप बंद करतो. रस्त्यावर हीच गोष्ट जीव वाचवते. रिंगणात मात्र मागून पहिली टक्कर मारली की चारही चाकं धड असताना इंजिन बंद पडतं. म्हणून वायरिंग करताना त्याला वळसा घालावा लागतो, आणि त्याऐवजी हाताला येईल असा साधा स्विच डॅशबोर्डवर बसवावा लागतो, म्हणजे आग लागली तर पंप लगेच तोडता येतो. नियमही बहुतेक ठिकाणी असा स्विच मागतातच.

तपासणीचा फरकही कमी नाही. मोठ्या गाड्यांच्या वर्गात फ्रेमवर कुठे किती वेल्डिंग चालेल, बंपर कसा बसवायचा, याची नियमावली पानोपानी असते. तपासनीस शंका आली की फ्रेमला भोक पाडून आत काही भरलंय का बघतात. ते त्यांचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण नवख्याला त्यातलं निम्मं कळत नाही. छोट्या गाड्यांचा वर्ग बहुधा जशी आहे तशी गाडी मागतो. आमच्याकडे त्याचे नियम वाचायला एक चहाचा कप पुरतो.

कोरोलाची उणी बाजू लपवत नाही. जी चाकं गाडी ओढतात तीच वळतात, म्हणून पुढच्या चाकावर आडवी टक्कर बसली की चाक वळवणारा दांडा (टाय रॉड) वाकतो नाहीतर चाक फिरवणारा दांडा (एक्सल) निसटतो, आणि खेळ तिथेच संपतो. इंजिन आडवं असल्याने रेडिएटर आणि इंजिन यांत हातभरही अंतर नाही. फ्रेम वेगळी नाही, त्यामुळे मागची बाजू पटकन दुमडते. पण दुमडू द्या. मागची चाकं फक्त फरफटत येतात. टायर फुटले, डिकी सीटला येऊन भिडली, तरी पुढची दोन चाकं गाडी ओढत राहतात. त्यामुळे नव्या माणसाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते: पुढचं अंग जपायचं, मारायचं ते मागच्याने. क्राउन विकमध्ये मारायचंही मागच्याने आणि चालायचंही मागच्याने. अ‍ॅक्सल दणकट आहे, पण त्याच्यावरची फ्रेमची कमान गंजलेली असेल तर मागचा सगळा भाग वर उचलला जातो. आणि ओहायोत ती कमान गंजलेली नसलेली गाडी शोधावी लागते.

शरीराला कुठली जास्त जाणवते? मला कोरोला. हलकी गाडी पटकन वेग घेते, समोरचीही तशीच, त्यामुळे धक्के तीक्ष्ण असतात. दुसऱ्या दिवशी मान दोन्ही गाड्यांनंतर दुखली, पण कोरोलानंतर जास्त. मानेचा फोमचा पट्टा हेल्मेटबरोबरच घ्या, आणि सीटमागची आडवी नळी कुठल्याही गाडीत काटकसर न करता बसवा.

खर्चाचं चित्र दर वर्षी बदलतंय. क्राउन विकचं उत्पादन 2011 साली थांबलं. पोलिसांकडून लिलावात निघणाऱ्या गाड्या आता विरळ झाल्यात, आणि दर उन्हाळ्यात डर्बी त्यातल्याही संपवते. भंगारात तिला वजनामुळे जास्त पैसे येतात हे खरं, पण ती फेअरग्राउंडवर न्यायला भक्कम ट्रेलर आणि ओढायला तसाच मोठा ट्रक लागतो. कोरोला साधारण 1,150 किलोची. मित्राच्या साध्या पिकअपने ती नेली आणि आणली.

दोनच गोष्टी तपासून घ्या. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. भंगारवालाही नंतर तेच मागतो. आणि मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवा. पुढच्या चाकातून कटकट असा आवाज आला तर एक्सलचा सांधा गेलाय. तेवढ्यासाठी गाडी सोडायचं कारण नाही, फक्त भाव पाडून घ्या. डाव्या-उजव्या बाजूचे एक्सल आणि टाय रॉड भंगारातून आणून ट्रेलरवर टाकून ठेवा. पहिली फेरी आणि अंतिम फेरी यांच्यामध्ये सहसा थोडा वेळ मिळतो, आणि हाताशी एक माणूस असेल तर तेवढ्यात एक एक्सल बदलून होतो.