पॅकेटची वाट: आधीच ठरलेली की गर्दी पाहून बदलणारी?

समांतर संगणकात हजारो नोड (छोटे संगणक) एकमेकांना पॅकेट, म्हणजे संदेशांचे तुकडे, पाठवत असतात. ठरलेल्या पद्धतीत पॅकेट आधी आडवे जाते, मग उभे. गर्दी असो वा नसो, वाट तीच. राउटर (प्रत्येक नोडवरचा वाट ठरवणारा भाग) साधा राहतो, पॅकेट क्रमाने पोचतात. मेशमध्ये (नोडच्या आडव्या-उभ्या जाळीत) डेडलॉकही, म्हणजे पॅकेट एकमेकांना अडवून कायमचे थांबणेही, होत नाही, कारण उभ्या दिशेतून पुन्हा आडवे वळायला मुभाच नसते.

अनुकूली पद्धतीत राउटर त्या क्षणी मोकळी असलेली लिंक निवडतो. तिचे मोल कळते मॅट्रिक्सच्या ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे ओळींचे स्तंभ करताना. तिथे ठरलेल्या वाटेने एका ओळीतली सगळी पॅकेट कर्णावरच्या एकाच नोडपाशी वळतात. तिथे रांग लागते आणि शेजारच्या लिंक रिकाम्या राहतात. अनुकूली राउटर हाच भार पसरवतो. पॅकेट मात्र उलटसुलट क्रमाने येऊ शकतात, मग ती जुळवण्याचे काम वाढते.

तरी अनुकूली पद्धत सदासर्वकाळ सरस, हे मला मान्य नाही. संदेश सगळीकडे सारखेच विखुरलेले असतील, तर साधी आडवी-उभी वाट भार उत्तम वाटते. संशोधक ग्लास आणि नी यांच्या १९९२च्या टर्न मॉडेलच्या (काही वळणे वर्ज्य करून डेडलॉक टाळणाऱ्या अनुकूली पद्धतीच्या) चाचण्यांतही मेशवर हेच दिसले.

आयबीएमच्या ब्लू जीन/एल या महासंगणकाने (६४×३२×३२ टोरस, म्हणजे टोके एकमेकांना जोडलेली जाळी; ६५,५३६ नोड) दोन्ही पद्धती ठेवल्या: अनुकूली वाहतुकीला दोन व्हर्च्युअल चॅनेल (एकाच लिंकवरच्या स्वतंत्र रांगा), आणि अडकलेल्या पॅकेटच्या सुटकेसाठी ठरलेल्या वाटेचा एक वेगळा चॅनेल. मोठ्या यंत्रासाठी मी हीच रचना निवडेन.