श्राइन ऑफ द बुक, जेरुसलेम: जाण्यापूर्वी काही स्तोत्रे वाचावीत

मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांसाठी जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमच्या आवारात १९६५ साली खुली झालेली ही वास्तू आत शिरण्यापूर्वीच आपले म्हणणे मांडू लागते. या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या ज्या मातीच्या रांजणांत मिळाल्या त्यांच्या झाकणासारखा पांढरा घुमट, त्यावर उडणारे पाण्याचे फवारे आणि समोर काळ्या बेसाल्टची भिंत, अशा मांडणीतून फ्रेडरिक कीसलर आणि आर्मंड बार्टोस या वास्तुकारांनी ती हस्तलिखिते बाळगणाऱ्या ज्यू पंथाची ‘प्रकाशाचे पुत्र’ आणि ‘अंधाराचे पुत्र’ ही विभागणी डोळ्यांसमोर उभी केली आहे.

गुहेसारख्या मार्गिकेतून मंद उजेडाच्या गोल दालनात येताच माणसे आपोआप हळू बोलू लागतात. मधोमध यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या गुंडाळीची प्रतिकृती आहे. मूळ गुंडाळ्यांची पाने नाजूक असल्याने आलटूनपालटून मांडली जातात, तेव्हा अमुकच पान पाहायचे असा हट्ट धरू नये.

पंथाच्या नियमग्रंथात प्रेम आणि द्वेष ही दोन्ही कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत, आणि देवाशी कराराच्या विधीत याजक आशीर्वाद देतात, लेवी (याजकांचे साहाय्यक) शाप देतात, सारे ‘आमेन, आमेन’ म्हणतात. हा करडा आवेश वास्तूने अचूक पकडला आहे. त्याच पंथाची ‘होदायोत’ ही उपकारस्तुतीची स्तोत्रे मात्र तिच्यात मावलेली नाहीत, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. १९४७ साली पुरातत्त्वज्ञ एलाझार सुकेनिक यांनी मिळवलेल्या या गुंडाळीतील अनेक स्तोत्रे ‘प्रभो, मी तुझे आभार मानतो’ अशी सुरू होतात, म्हणून त्यांनी तिला हे नाव दिले. त्यांतला ‘मी’ स्वतःला पाण्यात मळलेली माती म्हणतो, आपले हृदय मेणासारखे वितळले आणि गुडघे उतारावरच्या पाण्यासारखे वाहून गेले असे सांगतो, आणि तोच अधोलोकातून उचलून स्वर्गपुत्रांच्या मंडळीत नेल्याबद्दल देवाचे उपकारही मानतो. हा ‘मी’ पंथाचा गुरू की कोणीही सदस्य, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण स्तोत्र म्हणणाऱ्याला तो ‘मी’ स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागतो, आणि उच्चारता उच्चारता तो थरकाप त्याचाही होत असणार, असे मला वाटते. बाहेर घुमट आणि भिंत यांच्यात मोकळे अंतर आहे. स्तोत्रांत मात्र चिखल आणि प्रकाश एकाच देहात नांदतात. (ओल्या घुमटाकडे पाहताना मातीचे ते झाकण आठवून मला वास्तुकारांवरचा राग थोडा आवरता घ्यावा लागला, हेही कबूल करतो.)

संग्रहालयाने गूगलच्या साहाय्याने २०११ साली पाच गुंडाळ्या संकेतस्थळावर आणल्या. त्यांची छायाचित्रे उत्तम आहेत, परंतु त्या पाचांत होदायोत नाही. त्यामुळे चांगला अनुवाद मिळवून, निदान प्रसूतिवेदनांचे आणि वादळात सापडलेल्या जहाजाचे स्तोत्र वाचूनच जावे. खालच्या दालनातील दहाव्या शतकातील आलेप्पो कोडेक्स (हिब्रू बायबलची हस्तलिखित पोथी) हा वेगळा विषय आहे. त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा.