सागाचे खांब, कारवीचे कूड: एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहून झाल्यावर

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातलं मामांचं जुनं, लाकडी खांबांचं कौलारू घर मार्चपासून आमच्या ताब्यात आहे. निम्मा आठवडा ऐरोली, निम्मा तिकडे. अशी घरं दुरुस्त करून राहण्याजोगी असतात का, असं बरेच जण विचारतात. उन्हाळ्यात ती कुणालाही आवडतात, म्हणून पाऊस निघून जाईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी रचना. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी. मधले उंच खांब आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, पेलतात, कडेचे बुटके खांब तुळया, त्यांवर वासे, रिपा (आडव्या बारीक पट्ट्या) आणि कौलं. मुख्य खांब सागाचे, पडवीचे ऐनाचे. खांबाच्या डोक्यावर कोरलेलं कुसू, म्हणजे पुढे काढलेलं टोक, तुळईच्या भोकात बसवून आडवी लाकडी खुंटी ठोकलेली. लोखंडी खिळे फक्त रिपांना. भिंती कुडाच्या: कारवी या डोंगरातल्या झुडपाच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या कामट्यांनी आडव्या आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण, भाताचं तूस कालवून लिंपायचं. छपराचा भार या भिंतींवर अजिबात नाही. हे ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी पाहिलं मे महिन्यात.

ओटीच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या पायाशी कुणीतरी पूर्वी मजबुतीसाठी सिमेंट थापलं होतं. सुतारनाना वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) पाठीने वरून खाली ठोकत आले. वर ठण, मध्ये ठण, गुडघ्याखाली बद्द. "दादा, याला बूट घातलाय कोणी. आत पाणी ऱ्हातं." सिमेंट फोडलं तर आतलं लाकूड नखाने उकरता येत होतं. मग बल्ल्यांचे टेकू आणि गाडीचा जॅक लावून तुळई बोटभर उचलली, खांबाचा कुजलेला पाय कापला, तेवढ्याच उंचीचा घडीव दगड खाली सरकवला आणि तुळई हळूच उतरवली. शेजारचा कूड थोडा तडकला, तो दुसऱ्या दिवशी लिंपून घेतला. कौल एकही हललं नाही. आमच्या ऐरोलीच्या इमारतीत एका कॉलमच्या दुरुस्तीवर अजून सभाच चालू आहेत.

माझ्या मते या घराचा खरा गुण हाच. प्रत्येक भाग सुटा आहे, त्यामुळे बिघडेल तेवढंच बदलता येतं. पण बिघडलंय हे कुणीतरी दरवर्षी ठोकून पाहायला हवं. वर्षभर कुलूप लावून दिवाळीला उघडणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

उन्हाळा उत्तम. दुपारी पंखा लागतो, पण कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि रात्री नऊनंतर घर निवतं. वाडीत घरकुल योजनेतून स्लॅबची घरं झाली आहेत; ती मंडळी एप्रिलमध्ये अंगणात बाज टाकतात. मात्र त्यांना शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं उतरवून पुन्हा लावणं, करावी लागत नाही आणि ते हे मला आवर्जून ऐकवतात. बरोबरच आहे त्यांचं.

कारण शाकारणी हे मोठं काम. पुढच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला, तीच खाचेत खाच अडकणारी जात. ती फार सरकत नाहीत. पडवीवर मात्र जुनी नळीची कौलं, नुसती एकावर एक पालथी-उताणी ठेवलेली. माकडांची एक टोळी गेली की निम्मी जागची हललेली. इकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मेमध्ये सगळी उतरवून, झाडून, पुन्हा लावूनही जुलैत पडवीत दोन ठिकाणी बादली ठेवावी लागली. माजघर कोरडं राहिलं. वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, लांब ठेवलेली असल्याने पागोळ्या कुडापासून दूर पडतात. जिथे वळचण तुटली होती, तिथलं लिंपण आठवड्यात धुऊन गेलं आणि कारवी उघडी पडली.

किडीचं थोडं सविस्तर सांगतो. स्वयंपाकघरातले वासे धुराने काळेकुट्ट, पण ठणठणीत. मामी चुलीवर रांधायच्या तोवर तो धूर माळ्यावरून सगळ्या घरात फिरायचा. गॅस आला, धूर थांबला आणि माजघराच्या बांबूंना भुंगा लागला. सकाळी अंथरुणावर पिवळट पीठ पडलेलं दिसायचं. आम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावलं. हातमोजे घालाच, कातडी भाजते. पीठ जवळपास थांबलंय. आता अधूनमधून आंघोळीचं पाणी मुद्दाम चुलीवर तापवतो.

सामान मिळवणं हीच खरी अडचण. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून वाळते. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पण येऊर किंवा तानसा अभयारण्यातून काठी तोडून आणायचा प्रश्नच येत नाही. आम्ही दोन कूड बांबूचे केले. माती धरतात, पण कारवीइतकी घट्ट नाही. लाकडाचं आणखी अवघड. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, ऐन, किंजळ सगळे येतात, स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायलाही परवानगी लागते. त्यामुळे उतरवलेल्या घरांचं जुनं लाकूड शोधणं परवडतं. घेताना भोकांच्या जागा आणि टोकं ठोकून पाहा; मधला भाग बहुधा चांगलाच निघतो.

किरकोळ तक्रारी: कुडातून पलीकडचं घोरणंही ऐकू येतं. टीव्ही भिंतीवर टांगता येत नाही, आम्ही दोन खांबांमध्ये फळी मारून बसवला. पावसात छपराखाली फोनवर बोलणं अशक्य, तेव्हा घरून काम करणाऱ्यांनी जुलै-ऑगस्ट शहरातच काढावा. आणि सारवण. शेजारच्या काकू पैसे घेऊन करून देतात, पण त्यांच्या सुना करणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मी शिकतोय, माझा हात अजून सारखा फिरत नाही.

सध्या वाडीत आणखी एक घर उतरवणं चाललंय. त्यातल्या दोन तुळयांवर नानांनी आमच्यासाठी खडूने खूण केली आहे. भाव ठरला की पडवीचं छप्पर दिवाळीनंतर उघडायचं आणि नळीची कौलं कायमची काढायची. मामांना हे अजून सांगितलेलं नाही.