पोषण ट्रॅकर : नोंदवही चोख, वजनकाटा संशयास्पद

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 1 मार्च 2021 रोजी पोषण ट्रॅकर हे ॲप सुरू केले आणि आज देशातील सुमारे 14 लाख अंगणवाड्या, त्यांत महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक, आपले रोजचे कामकाज त्यावर नोंदवतात. एखाद्या सरकारी संनियंत्रण प्रणालीचे परीक्षण करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. काम झाले की नाही हे ती सांगते का, आणि त्या कामाचा मुलांवर परिणाम झाला की नाही हे ती सांगते का? पहिल्या प्रश्नावर पोषण ट्रॅकरला चांगले गुण द्यावे लागतील, दुसऱ्यावर मात्र देता येणार नाहीत.

चांगली बाजू आधी. ॲप येण्यापूर्वी सेविकेला अकरा नोंदवह्या सांभाळाव्या लागत. त्यांतील बेरजा मासिक प्रगती अहवालात उतरत, तो अहवाल पर्यवेक्षिकेमार्फत प्रकल्प कार्यालयात जाई आणि तेथून पुढे केवळ एकत्रित आकडा उरे. अमुक गावातील अमुक मूल तीन महिन्यांपूर्वी कोणत्या श्रेणीत होते, हे प्रकल्प अधिकाऱ्याला वह्या मागवल्याशिवाय कळत नसे. आता नोंद लाभार्थीनिहाय आहे. गरोदर माता, स्तनदा माता आणि बालक यांची नोंदणी, अंगणवाडी उघडल्याची वेळ, हजेरी, गरम ताजा आहार, घरपोच आहाराचे वाटप आणि गृहभेटी या सर्वांचा माग ठेवता येतो. वजन व उंची भरली की मूल सॅम (अतितीव्र कुपोषित) आहे, मॅम (मध्यम कुपोषित) आहे की साधारण, हे ॲप स्वतःच ठरवते, त्यामुळे तक्ता पाहून श्रेणी लावताना होणारी चूक टळते. एवढ्यासाठी तरी जुन्या वह्यांकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही.

सुरुवात मात्र महाराष्ट्रात वाईट झाली. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल सामूहिकपणे परत केले. कमी क्षमतेच्या त्या फोनवर ॲप नीट चालत नव्हते, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडत होता आणि नोंदी इंग्रजीत भराव्या लागत होत्या. ज्या सेविकेच्या हातून माहिती गोळा व्हायची, तिची भाषा सुरुवातीला विचारात घेतली गेली नाही, हे कोणत्याही मूल्यमापनतज्ज्ञाला खटकावे. भाषेची अडचण पुढे बरीचशी दूर झाली.

आता खरा मुद्दा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातील पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुले बुटकी (वयाच्या मानाने उंची कमी), 19.3 टक्के कृश (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि 32.1 टक्के कमी वजनाची (वयाच्या मानाने) आढळली. पोषण ट्रॅकरच्या आधारे 2024 मध्ये संसदेत जे आकडे दिले गेले, त्यांत बुटकेपणा 36 टक्क्यांच्या आसपास, कमी वजन सुमारे 17 टक्के आणि कृशता सुमारे 6 टक्के होती. बुटकेपणा जवळजवळ तेवढाच राहिला, कमी वजन निम्म्यावर आले आणि कृशता एक तृतीयांशाच्या आसपास आली, असे हे चित्र आहे. मधल्या काळात सुधारणा झाली असे म्हणावे, तर त्याआधीच्या 2016-18 च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही कृशता 17.3 टक्के आणि कमी वजन 33.4 टक्के होते, म्हणजे काही वर्षांत हे आकडे फारसे हललेच नव्हते. दोन स्वतंत्र सर्वेक्षणे एकमेकांना दुजोरा देतात आणि प्रशासकीय नोंद तेवढी वेगळे बोलते. शिवाय अंगणवाडीत नोंदलेली मुले प्रामुख्याने गरीब घरांतील असल्याने तेथील प्रमाण सर्वेक्षणापेक्षा जास्त निघायला हवे होते, कमी नव्हे.

याचे एक कारण मोजपट्टीतच सापडते. दोन वर्षांखालील मुलाची लांबी इन्फॅन्टोमीटरवर, म्हणजे लांबी मोजायच्या फळीवर, आडवे झोपवून घेतात. एकीने डोके धरायचे, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ करायचे आणि तळव्यांना फळी टेकवायची, असे ते दोघींचे काम आहे. मदतनीस स्वयंपाकात असेल, मूल रडत असेल, तर गुडघे वाकलेलेच राहतात आणि लांबी एक-दीड सेंटीमीटरने कमी भरते. त्यामुळे मूल अधिक बुटके ठरते. पण लांबीच्या प्रमाणात वजन पाहिले जात असल्याने कृशतेची सीमारेषाही प्रत्येक सेंटीमीटरमागे साधारण 200 ग्रॅमने खाली येते आणि मॅम असलेले मूल साधारण श्रेणीत जाऊन बसते. ही चूक कोणाच्याही वाईट हेतूशिवाय घडते. मात्र तिने सगळे उलगडत नाही, कारण कमी वजन हे फक्त वय आणि वजन यांवरून ठरते, तेथे उंचीचा संबंधच नाही. तरीही तो आकडा निम्मा आहे. म्हणजे भरलेल्या वजनाकडेही बोट जाते.

येथे सेविकेला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. सॅम मूल नोंदवले की जादा गृहभेटी, ग्राम बालविकास केंद्र, गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्यासाठी घरच्यांची मनधरणी आणि आढावा बैठकीत ‘तुमच्याकडेच सॅम का वाढले’ हा प्रश्न, असे सारे तिच्यावर येते. जिच्या कामाचे मोजमाप होणार, तिच्याकडेच काटा दिला, तर आकडा कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला प्रणालीतज्ज्ञ लागत नाही.

महाराष्ट्राला हे पूर्वी उमगले होते. कुपोषण कमी करण्यासाठीचे राज्याचे राजमाता जिजाऊ मिशन 2005 मध्ये सुरू झाले, पण त्याच्या यशाचा दाखला अंगणवाडीच्या नोंदींतून काढला गेला नाही. 2012 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून वेगळे राज्यव्यापी सर्वेक्षण करून घेण्यात आले आणि दोन वर्षांखालील मुलांतील बुटकेपणा 39 टक्क्यांवरून 24 टक्क्यांच्या आसपास आल्याचे त्यातून दिसले. तो आकडा जगभर मान्य झाला, कारण तो मोजणारे हात वेगळे होते.

पोषण ट्रॅकरमध्ये अलीकडे भर पडली ती दुसऱ्याच दिशेने. जुलै 2025 पासून घरपोच आहार देताना लाभार्थीची चेहरा-पडताळणी सक्तीची झाली. पाकीट योग्य घरी गेले का, हे त्यातून कळेल. पण पाकीट घेणाऱ्या घरातील मुलाचे वजन खरे लिहिले गेले का, याची पडताळणी अजून जवळपास पर्यवेक्षिकेच्या भेटीवरच सोडलेली आहे, आणि एका पर्यवेक्षिकेकडे अंगणवाड्या किती असतात हे सर्वांना ठाऊक आहे. दर तिमाहीस प्रत्येक प्रकल्पातील थोड्या अंगणवाड्या चिठ्ठीने निवडून तेथील मुलांचे बाहेरच्या पथकाकडून पुन्हा वजन-उंची घ्यावी आणि दोन्ही नोंदींतील तफावत पोषण ट्रॅकरच्या डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या फलकावर, प्रसिद्ध करावी. चेहरा-पडताळणीच्या तुलनेत हा खर्च फार नसावा. तोवर वाटप, हजेरी आणि नोंदणी यांसाठी हा डॅशबोर्ड खुशाल वापरावा, कृशतेचा आकडा मात्र तेथून उचलू नये.