स्वतःचा सर्व्हर की क्लाउड? आधी कामाचा चढउतार पाहा

क्लाउडची, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याची, चर्चा बहुतेक संस्थांमध्ये 'स्वस्त काय पडेल' इथून सुरू होते. मी आधी वर्षभराच्या कामाचा आलेख मागेन, कारण स्वस्त-महाग त्यावरच ठरतं.

प्रवेश अर्ज किंवा निकालाच्या दिवसांत भार दहापट होत असेल आणि एरवी शुकशुकाट असेल, तर स्वतःचा सर्व्हर गर्दीच्या मापाने घ्यावा लागतो आणि उरलेलं वर्ष तो रिकामा फिरतो. क्लाउडवर तेवढ्याच दिवसांपुरती जादा ताकद घेता येते. भार बारमाही सारखा असेल, तर मात्र भाडं भरत राहणं महागात पडू शकतं. 2008 मध्ये डेटाबेस बिघडल्यावर नेटफ्लिक्सने क्लाउडची वाट धरली आणि 2016 च्या जानेवारीत स्थलांतर पुरं केलं. फाइली साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने त्याच सुमारास ग्राहकांच्या बहुतेक फाइली ॲमेझॉनच्या क्लाउडवरून स्वतःच्या यंत्रांवर आणल्या आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात.

सुरक्षेबाबत फार गैरसमज आहेत. क्लाउडवर गेलात की डिस्क, वीज आणि कूलिंगची काळजी मिटते, पण कोणाला काय दिसावं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. 2019 मध्ये कॅपिटल वन बँकेच्या 10 कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली, ती फायरवॉलच्या (नको ती ये-जा अडवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेच्या) चुकीच्या सेटिंगमुळे. बॅकअपचंही तसंच. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला (सर्व्हर ठेवलेल्या इमारतीला) आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. स्वतःचा सर्व्हर असो वा क्लाउड, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवीच.

करार करण्याआधी बाहेर पडण्याचा खर्च जरूर विचारा. डेटा बाहेर नेण्याचे पैसे लागू शकतात, आणि एकाच कंपनीच्या खास डेटाबेसवर सगळं उभारलं असेल, तर सॉफ्टवेअरचा मोठा भाग नव्याने लिहावा लागतो. काही माहिती देशाबाहेर ठेवायला कायद्याची बंदी असते, तेही तपासा.

सर्व्हर सांभाळायला पूर्णवेळ माणूस नसलेल्या लहान संस्थेने क्लाउडच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात ईमेल आणि फाइलींपासून करावी, आणि बिल ठरावीक रकमेवर गेलं की सूचना येईल अशी सोय पहिल्याच दिवशी लावावी.