साडेतीन लाखांची सीट की कराडचं शासकीय कॉलेज?

पुण्यातल्या खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत इलेक्ट्रिकल, असे दोन पर्याय समोर आले की घरात चर्चा शाखेवरच अडकते. आधी पैशांचा हिशोब मांडा.

खासगी विद्यापीठाची फी वर्षाला साडेतीन लाख धरू, हॉस्टेल-मेसचे दीड लाख. चार वर्षांचे वीस लाख झाले. कराडला फी ८० हजार आणि राहणं-जेवण ६० हजार धरलं, तर ५ लाख ६० हजार. त्या वीस लाखांतले दहा लाख कर्जाने उभे केले, दरवर्षी अडीच लाख उचलले आणि व्याज १० टक्के असलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि हप्ते सुरू होण्याआधीचं सवलतीचं एक वर्ष मिळून सरळव्याजाचेच साडेतीन लाख चढतात. फेड सुरू होते साडेतेरा लाखांवर. सात वर्षांच्या मुदतीत हप्ता साधारण २२,४०० रुपये, एकूण फेड जवळपास १८ लाख ८० हजार. नोकरीच्या पहिल्या पगारातून हा हप्ता देऊन पुण्यात घरभाडं भरता येईल का, याचं उत्तर प्रवेशाआधीच काढावं.

यापेक्षाही मोठा फरक सवलतींत आहे आणि तोच सर्वांत उशिरा कळतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलग्यांना याच उत्पन्नमर्यादेत राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शुल्क मिळतं. दोन्हींसाठी प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. खासगी विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा यांना हे लागू नाही. टीएफडब्ल्यूएस या शिक्षण शुल्क माफीच्या योजनेतल्या ५ टक्के जादा जागाही कॅपच्या कॉलेजांतच असतात.

नावांवरून फसू नका. पुण्यात एकाच ट्रस्टचं व्हीआयटी कॅपमध्ये आहे, तर विश्वकर्मा युनिव्हर्सिटी हे वेगळं खासगी विद्यापीठ. ज्या कॉलेजला राज्याची प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलचा चॉइस कोड (पर्याय भरताना लागणारा क्रमांक) आहे आणि जागा कॅपमधून मिळते, तिथेच सवलतीचा विचार करायचा. शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवतं तेही अशाच विनाअनुदानित कॉलेजांची.

कागदपत्रांत चुकणारे खूप. जातवैधता किंवा नॉन-क्रिमीलेअर मुदतीत नसलं की राखीव जागा हातची जाते. ही कामं बारावीच्या परीक्षेआधी मार्गी लावा. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून नवा काढा, बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं आणि फी अंगावर पडली, असं अनेकांचं होतं.

शासकीय कॉलेजात सगळं छान आहे असं मात्र नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, काही विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे जातात, हॉस्टेलच्या जागा अपुऱ्या असतात. इमारत, वातानुकूलित वर्ग, कार्यक्रम यांत खासगी विद्यापीठ पुढे असेल. पण त्यासाठी चौदा लाख जास्त मोजावेत, असं आम्हाला वाटत नाही.

प्लेसमेंटच्या जाहिरातीतलं सर्वोच्च पॅकेज सोडून द्या. कॉलेजच्या संकेतस्थळावर एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी दिलेली माहिती असते. त्यात वेळेत पदवीधर झालेले किती, नोकरी लागलेले किती आणि मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी मिळतो तो) किती, हे तीन आकडे सलग तीन वर्षांचे पाहा. हे आकडे सगळ्या शाखांचे एकत्र असतात, म्हणून आपल्या शाखेचे वेगळे लेखी मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर तिथली सीट सोडा.

खासगी जागा आधी धरून ठेवायची असेल तर पैसे भरण्यापूर्वी परताव्याचा नियम वाचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळायला हवी, प्रक्रिया शुल्काची कपात ५ हजारांपेक्षा जास्त नाही. अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने द्या, पोच ठेवा आणि मूळ कागदपत्रं कोणाकडे ठेवून घेऊ देऊ नका.